काट्याने काटा काढणारा डबा

तुमच्या पेट्रोल गाडीत, इंजिनाला अगदी चिकटून किंवा पुढच्या सीटांच्या खालच्या बाजूला, स्टीलचा एक डबा आहे. त्यात एकही हलणारा भाग नाही. त्याला वीज लागत नाही, ऑइल लागत नाही, सर्व्हिसिंग लागत नाही. इंजिनातून निघालेला धूर एका तोंडाने आत शिरतो आणि दुसऱ्या तोंडाने बाहेर पडतो. आत तो किती वेळ थांबत असेल? हिशेब करून बघू. १२०० सीसीचं इंजिन, ३००० आरपीएम, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा हवा भरली जाते, म्हणजे सेकंदाला ३० लिटर. बाहेर येताना तीच हवा तापून तिपटीने फुगलेली असते. आणि डब्याच्या आतली जागा जेमतेम एक लिटर! म्हणजे धुराला तिथे सेकंदाचा साधारण शंभरावा भाग मिळतो. तेवढ्या अवधीत त्यातली विषं ९० टक्क्यांहून अधिक नाहीशी होतात.

हा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. तो चालू असताना त्याची कुणालाच आठवण नसते. गाडी बारा-तेरा वर्षांची झाली, डॅशबोर्डवर पिवळा ‘चेक इंजिन’चा दिवा लागला आणि मेकॅनिक म्हणाला, “साहेब, कॅट गेलाय,” की त्याचं नाव पहिल्यांदा कानावर पडतं. सोबत पाच आकडी खर्चही कानावर पडतो. मग पर्याय पुढे येतात. कंपनीचा नवा घ्या, बाजारातला स्वस्त घ्या, भंगारातल्या गाडीचा काढून बसवा, नाहीतर आतलं सगळं फोडून डबा रिकामाच ठेवा. चारही डबे बाहेरून सारखेच दिसतात. मग निवडायचं कसं? त्यासाठी या डब्यात नेमकं काय जगतं आणि काय मरतं, हे बघावं लागतं. आणि ते बघताना माणूस थक्क होतो.

आधी विषांकडे बघू. पहिलं कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळलेल्या पेट्रोलचं. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला ते ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून घट्ट चिकटतं. दुसरं, न जळताच निसटलेलं पेट्रोल, म्हणजे हायड्रोकार्बन. तिसरं सगळ्यात चमत्कारिक, कारण ते पेट्रोलमधून येतच नाही. सिलिंडरमधल्या भयंकर उष्णतेत हवेतलाच नायट्रोजन हवेतल्याच ऑक्सिजनशी जोडला जातो आणि नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात. दुसरं आणि तिसरं उन्हात एकत्र आली की काय होतं, हे १९५०च्या सुमारास आरी हागेन-स्मित यांनी दाखवून दिलं. कॅलटेकमधले हे रसायनशास्त्रज्ञ तोवर अननसाच्या वासाचा अभ्यास करत होते! लॉस एंजेलिसवर पसरणारं, डोळे चुरचुरवणारं धुरकं गाड्यांच्या धुरातून आणि सूर्यप्रकाशातून जन्मतं, हे त्यांनी शोधलं.

आता या विषांमधली अडचण बघा. पहिल्या दोघांना संपवायचं तर त्यांना ऑक्सिजन द्यायला हवा. तिसऱ्याला संपवायचं तर त्याच्याकडून ऑक्सिजन काढून घ्यायला हवा. एकाच डब्यात, एकाच क्षणी, द्यायचाही आणि घ्यायचाही! अशक्य वाटतं ना? पण हीच अडचण उत्तर ठरली. नायट्रिक ऑक्साइडला जो ऑक्सिजन सोडायचाय, तोच कार्बन मोनॉक्साइडला हवाय. दोघांची गाठ घालून दिली की एकाचा साधा नायट्रोजन होतो, जो आपण प्रत्येक श्वासाला घेतो, आणि दुसऱ्याचा कार्बन डायऑक्साइड. काट्याने काटा निघाला.

ही गाठ घालून देतात तीन धातू : प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम. प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनचा रेणू बसला की त्याचे दोन अणू सुटे होतात. शेजारी कार्बन मोनॉक्साइडचा रेणू येऊन बसतो, एक सुटा अणू उचलतो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. जागा पुन्हा मोकळी. ऱ्होडियम नायट्रिक ऑक्साइडची फोड करतं, नायट्रोजनचे दोन सुटे अणू एकमेकांना धरून निघून जातात. धातू मात्र जसाच्या तसा; अशा पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात. हे असं का होतं, याचं कोडं फार जुनं आहे. हम्फ्री डेव्हींना १८१७मध्ये दिसलं होतं की तापवलेली प्लॅटिनमची तार कोळशाचा वायू आणि हवा यांच्या मिश्रणात धरली तर ज्वाला नसतानाही लालबुंद राहते. आणि कार्बन मोनॉक्साइड प्लॅटिनमवर नेमकं कसं जळतं, याचा अणूंच्या पातळीवरचा तपशील उलगडणाऱ्या गेरहार्ड एर्टल यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं २००७मध्ये. तोवर रस्त्यांवर कोट्यवधी कन्व्हर्टर धावत होते!

ते रस्त्यावर आले ती गोष्टही विलक्षण आहे. युजीन हूड्री हे फ्रेंच अभियंते. कच्च्या तेलापासून उत्तम पेट्रोल काढण्याची उत्प्रेरकी पद्धत त्यांनी अमेरिकेत उभी केली, आणि दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या विमानांना त्या पेट्रोलचा मोठा आधार मिळाला. १९५०च्या दशकात ते वळले पेट्रोलच्या धुराकडे. गाड्यांसाठी उत्प्रेरकी कन्व्हर्टर बनवून त्यांनी पेटंटही मिळवलं. पण तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं मिसळत. धुरातलं शिसं धातूंवर थर धरून बसे आणि कन्व्हर्टर निकामी होई. हूड्री १९६२मध्ये वारले, त्यांच्या कन्व्हर्टरला गाडीत जागा मिळालेली त्यांना दिसली नाही. पुढे अमेरिकेने १९७०मध्ये हवेचा कडक कायदा केला. कंपन्यांना कन्व्हर्टरशिवाय गत्यंतर उरलं नाही, आणि कन्व्हर्टर जगवायचा तर पेट्रोलमधलं शिसं काढण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. १९७५च्या मॉडेलांपासून ते गाड्यांमध्ये बसू लागले. तिन्ही विषांवर एकत्र चालणारा कन्व्हर्टर एंगलहार्ड कंपनीतल्या कार्ल कीथ आणि जॉन मूनी यांच्या चमूने सिद्ध केला.

आपल्याकडे १ एप्रिल १९९५पासून मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. त्याच्याबरोबर बिनशिशाचं पेट्रोल आलं, आणि २०००च्या फेब्रुवारीपासून देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं. एका नाजूक डब्याच्या निमित्ताने मुलांच्या मेंदूला घातक ठरणारा धातू पंपांवरून हद्दपार व्हायला हातभार लागला. मला या साऱ्या कहाणीतला हा भाग सगळ्यात मोठा वाटतो.

आता डबा उघडू. आत चिनी मातीसारख्या दिसणाऱ्या कॉर्डिअराइटचा एक ठोकळा आहे. कॉर्निंग कंपनीतल्या रॉडनी बॅगली, अर्विन लॅकमन आणि रोनाल्ड लुइस यांनी तो घडवला. त्यातून आरपार हजारो चौकोनी नळ्या जातात, एका चौरस सेंटिमीटरमध्ये सुमारे साठ. दोन नळ्यांमधली भिंत सेंटिमीटरच्या साठाव्या-सत्तराव्या भागाएवढी पातळ. एवढी पातळ भिंत गार सकाळपासून सात-आठशे अंशांपर्यंत तापते, पुन्हा निवते, वर्षानुवर्षं, आणि तडकत नाही! कारण तापल्यावर कॉर्डिअराइट जवळजवळ फुगतच नाही.

पण नळ्यांच्या भिंती अजून गुळगुळीतच आहेत. त्यांवर ॲल्युमिनाचा थर दिलेला असतो, आणि हा थर इतका सच्छिद्र असतो की त्याच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग शंभर चौरस मीटर किंवा त्याहून अधिक भरतो. शे-सव्वाशे ग्रॅम थर म्हणजे क्रिकेटचं एक अख्खं मैदान, दोन हातांत मावणाऱ्या ठोकळ्यात दुमडून ठेवलेलं. त्या मैदानावर मौल्यवान धातूंचे कण विखुरलेले, मिलिमीटरच्या काही लाखाव्या भागाएवढे. सगळे मिळून काही ग्रॅम, त्यात ऱ्होडियम ग्रॅमचा छोटासा अंश. कन्व्हर्टरची किंमत मुख्यतः या चिमूटभर धातूची असते. ऱ्होडियमचं प्रस्थ किती, तर २०२१च्या मार्चमध्ये त्याचा भाव औंसाला सुमारे २९,००० डॉलरवर गेला होता, तेव्हाच्या सोन्याच्या पंधरापटींहून अधिक.

याच थरात आणखी एक पदार्थ असतो, सेरियम ऑक्साइड. हा माझा सगळ्यात आवडता. धुरात ऑक्सिजन जास्त असला की तो साठवून ठेवतो, कमी पडला की सोडतो. त्याची गरज का पडते? तिन्ही विषं एकदम संपवायची तर हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण फार काटेकोर लागतं : एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा. (पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर आकडा थोडा खाली येतो.) धुरातला ऑक्सिजन डब्याच्या आधी बसवलेला सेन्सर सतत मोजतो आणि कॉम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त करत राहतो. हे प्रमाण कधीच एका जागी थांबत नाही, ते १४.७च्या अल्याड-पल्याड सारखं झुलत असतं. तो झोका सेरियम पोटात घेतो. म्हणून कन्व्हर्टरच्या आधीच्या सेन्सरचा व्होल्टेज स्कॅनरवर ०.१ ते ०.९ व्होल्ट असा सारखा वर-खाली उड्या मारतो, आणि कन्व्हर्टरनंतरच्या सेन्सरची रेघ जवळजवळ सरळ जाते. त्या सरळ रेघेतच डब्याची तब्येत वाचता येते. सेरियमची साठवण संपत आली की मागची रेघ पुढच्या रेघेची नक्कल करू लागते. कॉम्प्युटर दोन्ही रेघा ताडून बघतो आणि ‘पी०४२०’ असा कोड टाकून दिवा लावतो. म्हणजे धुरातलं विष प्रत्यक्ष मोजलेलं नसतंच! दोन रेघांच्या चालीवरून काढलेला तो अंदाज असतो.

इथेच निवडीचा पहिला धागा हाती येतो. अंदाज चुकू शकतो. सायलेन्सरच्या लाइनला जॉइंटजवळ फट असेल तर धुराच्या दोन झोतांमध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला भलताच ऑक्सिजन दिसतो आणि दोष येतो कन्व्हर्टरवर. मागचा सेन्सर म्हातारा झाला असेल तरी तेच. म्हणून ‘कॅट गेला’ म्हणणाऱ्याला आधी विचारा, लीकेज बघितलं का? दोन्ही सेन्सरच्या रेघा गाडी तापल्यावर बघितल्या का? तापल्यावर हे महत्त्वाचं, कारण तवा तापल्याशिवाय भाकरी भाजत नाही, तसा हा डबा साधारण २५० ते ३०० अंशांच्या खाली जवळजवळ निष्क्रिय असतो. गार गाडी चालू केल्यावरच्या पहिल्या एक-दोन मिनिटांत धूर बराचसा तसाच बाहेर जातो. डबा इंजिनाच्या इतक्या जवळ आणला गेला तो याचसाठी.

पीयूसीचा कागदही हाती घ्या. भारत स्टेज चारच्या पेट्रोल गाडीला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्का आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा आहे. हा टप्पा २०१०मध्ये देशातल्या तेरा शहरांत आधी लागू झाला, त्यांत मुंबई-पुण्याबरोबर सोलापूरही होतं. आकडे मर्यादेच्या जवळ रेंगाळत असतील तर डबा खरंच थकला असण्याचा संभव जास्त. पण उलटं मात्र खरं धरू नका, कारण पीयूसीच्या यंत्रात नायट्रोजनची ऑक्साइडं मोजलीच जात नाहीत. ऱ्होडियम खचलेला डबाही पीयूसी पास होऊ शकतो.

समजा, डबा गेलाय हे नक्की झालं. तरी लगेच नवा घेऊ नका. उत्प्रेरक स्वतः खर्ची पडत नाही, हे आपण आधी बघितलं. मग तो मेला कशाने? बहुतेक वेळा त्याचा खुनी इंजिनात बसलेला असतो. गाडी मिसिंग मारत असेल, म्हणजे प्लग किंवा कॉइल गेली असेल, तर न जळलेलं पेट्रोल डब्यात जाऊन तिथे जळतं. तापमान हजार अंशांच्या वर जातं. मग ॲल्युमिनाची छिद्रं मिटतात, धातूचे विखुरलेले कण एकमेकांना भेटून मोठे गोळे होतात, आणि क्रिकेटचं मैदान आक्रसून अंगणाएवढं उरतं. धातू तेवढाच, पण काम करायला जागाच नाही! आणखी तापलं तर ठोकळाच वितळून नळ्या बुजतात, गाडीला पिकअप राहत नाही. रिंगा झिजून गाडी ऑइल खात असेल तर ऑइलमधलं फॉस्फरस आणि झिंक थर धरून बसतं. हेड गॅस्केट फुटून कूलंट जळत असेल तर त्यातली द्रव्यंही तेच करतात. हे दुरुस्त न करता नवा डबा बसवला तर तोही त्याच वाटेने जाणार, आणि जुन्यापेक्षा लवकर. पेट्रोलमध्ये ओतायच्या बाटल्यांनी कन्व्हर्टर साफ होतो असं सांगणारे भेटतील. काजळी थोडीफार जाईलही, पण गोळा झालेलं प्लॅटिनम पुन्हा विखरून बसवणारी बाटली नाही.

पेट्रोलमधल्या गंधकाचं विष मात्र उतरू शकतं, चांगल्या तापलेल्या डब्यातून ते बरंचसं निघून जातं. शिवाय २०२०पासून देशभर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये गंधक १० पीपीएमवर आलं, आधी ते ५० होतं. जुन्या गाडीच्या डब्यालाही याचा फायदा न मागता मिळाला.

आता खरी निवड. महाग आणि स्वस्त डब्यांत फरक कशाचा, ते आता तुम्हीच सांगाल : चिमूटभर धातूचा आणि सेरियमच्या थराचा. स्टील सारखं, नळ्या सारख्या. हा फरक कागदावर सगळ्यात स्पष्ट दिसतो कॅलिफोर्नियात. अमेरिकेच्या केंद्रीय नियमांत बदली कन्व्हर्टरने २५,००० मैल, म्हणजे सुमारे ४०,००० किलोमीटर काम केलं तरी भागतं. कॅलिफोर्निया ५०,००० मैलांची हमी मागतं आणि प्रत्येक मान्य मॉडेलचा परवाना क्रमांक डब्यावर कोरायला लावतं. म्हणून बे एरियात राहणाऱ्या मराठी कुटुंबाला त्याच जुन्या टोयोटासाठी टेक्सासमधल्या मित्रापेक्षा खूप जास्त पैसे मोजावे लागतात. स्वस्त डबा पहिल्या महिन्यात उत्तम चालतो, फक्त त्याच्यात झीज सोसायची शिल्लक कमी असते.

आपल्याकडे हेच सूत्र वापरा. गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होऊन पुन्हा पासिंग करायचं असेल, अजून पाच वर्षं ती हवी असेल आणि इंजिन निरोगी असेल, तर कंपनीचाच घ्या, किंवा तुमच्या गाडीच्या भारत स्टेजसाठी बनवल्याचं लेखी देणाऱ्या नामांकित उत्पादकाचा. वर्ष-दीड वर्षात गाडी मोडीत काढायची असेल तर तशाच उत्पादकाचा साधा डबा पुरे. तो इंजिनाच्या सीसीला साजेसा आणि मूळ जागीच बसायला हवा. सोयीसाठी मागे सरकवून वेल्डिंग केलं की तो उशिरा तापतो. भंगारातला जुना डबा मला मुळीच पटत नाही. तो किती वर्षं मिसिंग मारणाऱ्या इंजिनामागे भाजला गेला, हे बाहेरून बघून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

आणि ठोकळा फोडून डबा रिकामा ठेवणं? तो पर्यायच नाही. पेट्रोल फारसं वाचत नाही, ताकद जाणवण्याएवढी वाढत नाही. वाढतं ते इमारतीखालच्या बंद पार्किंगमधलं कार्बन मोनॉक्साइड आणि सिग्नलला दुचाकीवर मागे उभ्या असलेल्या मुलाच्या नाकातोंडात जाणारा धूर. थोडे पैसे वाचवायला हे कुणी करू नये.

शेवटचा हिशेब जुन्या डब्याचा. दक्षिण आफ्रिकेतल्या बुशव्हेल्डच्या खाणींत एक टन खडक फोडला की या धातूंचे मोजके ग्रॅम हाती येतात. जवळपास तेवढेच ग्रॅम तुमच्या गाडीखालच्या किलोभर ठोकळ्यात असतात! खाणीतल्या खडकापेक्षा शेकडो पटींनी श्रीमंत आहे तो, आणि निकामी झाल्यावरही. कण गोळा झाले, झाकले गेले, तरी धातू बहुतांश आतच आहे. जगभरात असे डबे वितळवून हे धातू परत मिळवले जातात आणि नव्या कन्व्हर्टरमध्ये जातात. म्हणून नवा बसवायला सांगताना जुन्याचं काय करणार ते आधीच विचारा, आतल्या ठोकळ्यासकट तो स्वतः बघा, आणि त्याचा भाव नव्याच्या बिलातून वजा करून घ्या.